संगीताले विचारून सांगतो

१५ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९.४०

आजपासून डायरी. कृषी केंद्रवाल्यानं जानेवारीत फुकट देलती, कोरीच पडून होती.

कारण: काल माझा साळा बाबूसिंग पांढरकवड्याहून येऊन जो तमाशा करून गेला, त्याची लेखी नोंद कुठंतरी असली पाह्यजे. बाबूसिंग म्हणजे संगीताचा मोठा भाऊ. त्याचे तीन ट्रक आहेत, अन् आवाजही तसाच. अंगणात उभा राहून अख्ख्या तांड्याले ऐकू जाईल असं बोलला. म्हणे, जवाई, दिवाळीपर्यंत टाइम देतो. व्यसनमुक्ती केंद्रात भरती व्हा, नाही तर खुशीले मी घेऊन जातो.

व्यसन! मी दारू पीत नाही. तंबाखूचा खर्राही खात नाही. तो स्वतः दिवसाले सहा खर्रे चघळते.

झालं काय होतं, तर शनिवारी घाटंजी-यवतमाळ बसमध्ये मी शेजारच्या सीटवर रुमाल टाकला. एक बाई तिथंच येऊन बसली. मी सभ्य भाषेत सांगतलं, की बाई, इथं माझी मिसेस बसली आहे, तिच्या मांडीवर बसू नका. एवढंच. कंडक्टरनं मले गावाबाहेर उतरवून देलं अन् गोष्ट माझ्या आधी घरी पोचली.

खुशी, माझी पोरगी, तेरा वर्षांची आहे, आठवीत. ती गेली तर घरात मी अन् माझी याडी, म्हणजे माय, दोघंच. ते मी होऊ देत नाही. चार दिवसांत केंद्र शोधतो. सोळा वर्षांपासून घाटंजीत ऑनलाइन सेवा केंद्र चालवून राह्यलो. ज्याचा जन्म कोणत्या साली झाला हे त्याच्या मायलेही माहीत नाही, त्याचंही सर्टिफिकेट काढून देतो. मले एक केंद्र सापडणार नाही काय?

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.१०

झोपेचं चूर्ण बंद. उद्यापासून.

डबीत थोडं उरलं आहे. फेकून देणं बरं नाही, औषध आहे शेवटी.

१७ सप्टेंबर, बुधवार

सर्च केलं. आपल्या चूर्णासारख्या आयटमले इंग्रजीत हॅल्युसिनोजेन म्हणतात. स्पेलिंग चौथ्यांदा बरोबर आलं. पहिल्या तीन वेळा गुगलनं मले हॅलोजन बल्ब दाखवले.

यवतमाळजवळचं केंद्र म्हणून जे पहिलं आलं ते देहरादूनले आहे. फोटोत बर्फ. दुसऱ्याले नुसता फोन नंबर. लावला. दिल्लीहून एक मॅडम बोलल्या, गोड आवाज, हिंदी. पेशंट कोण, म्हणे. मी सांगतलं, नातेवाईक आहे, मी फक्त चौकशी करून राह्यलो. पेशंटचा नंबर मागितला. घाईत बाबूसिंगचा देला.

एक्सेल शीट बनवली. कॉलम: केंद्राचं नाव, अंतर, स्टार, जेवण, बाथरूम, शेरा. अशी शीट विदर्भात कोणाजवळ नसेल.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ५.३५

संगीता आलती.

हे एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढं घोळ नाही. संगीता मागच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेली. डेंगू. तीन दिवस. प्लेटलेटची पिशवी यवतमाळहून येऊन राह्यली होती, तेवढ्यात. म्हणजे लोकांच्या हिशोबानं गेली. त्यानंतर मले झोप येत नव्हती, म्हणून घाटंजीच्या बाजारात जडीबुटीवाल्याकडून हे चूर्ण घेतलं. झोप आली नाही. चौथ्या दिवशी संगीता आली.

पाचच्या सुमारास येते, गिऱ्हाईक गेल्यावर. टोकनवाल्या खुर्चीवर बसते. निळी साडी. मी काम करून राह्यलो असलो तर मधात बोलत नाही, तिले समज आहे. आज तिले शीट दाखवली. म्हणे, त्या यवतमाळच्या केंद्रात डास असतील. खरं आहे. डेंगूनं गेलेल्या माणसानं डासाबद्दल सांगतलं तर ऐकलं पाह्यजे.

शेरा: डास. बाद.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

संकल्प. नऊ दिवस चूर्ण नाही. कडक.

दिल्लीच्या मॅडमचा फोन मले आला नाही. बाबूसिंगले रोज दोनदा जाऊन राह्यला. त्यानं मले फोन करून विचारलं, की जवाई, एक पोट्टी मले रोज विचारते, की सर आप छोड़ने के लिए तैयार हो क्या. काय सोडू मी? मी म्हटलं, कंपनीचा असेल. उचलत जा, बंद होत नाही तो.

२३ सप्टेंबर, मंगळवार

घेतलं. पण कारण होतं. सकाळपासून स्क्रीनवरची अक्षरं फाटून राह्यली. चष्म्याचा नंबर वाढला असेल. तोंडाले कोरड, ते उन्हानं. एका म्हाताऱ्याचा उत्पन्नाचा दाखला भरताना मी उत्पन्नाच्या रकान्यात त्याचा मोबाईल नंबर टाकला. तो आता घाटंजी तालुक्यातला सगळ्यात श्रीमंत माणूस आहे. एवढ्या टेन्शनमध्ये माणूस काय करणार?

अष्टमीपासून परत संकल्प.

२५ सप्टेंबर, गुरुवार

यवतमाळच्या केंद्रात जाऊन पाहून आलो. शीटमध्ये बाद होतं, पण बाबूसिंगनं ट्रक पाठवला अन् ड्रायव्हर हलायले तयार नव्हता.

ऑफिसातल्या माणसानं फॉर्म काढला. दारू, खर्रा, गांजा, इतर. इतरचा रकाना एवढा बारीक, की माझ्यासारख्या फॉर्मवाल्या माणसाले पाहूनच राग आला. इतर काय, म्हणे. मी सांगतलं, वनस्पतीजन्य. तो म्हणे, म्हणजे गांजाच. मी म्हटलं, नाही, चूर्ण. किती वर्षं पिता, म्हणे. पीत नाही, घेतो. मग म्हणे, हात थरथरतात? नाही. बायकोले मारता? मी म्हटलं, साहेब, बायको वारली आहे. अन् लगेच सांगतलं, की पण येते. त्यानं पेन खाली ठेवला अन् चहा मागवला.

आत तीसेक जण होते, सगळे दारूचे. विठ्ठलराव नावाचे एक गृहस्थ तिसऱ्यांदा भरती आहेत. त्यांनी मले सगळ्या केंद्रांची माहिती देली, एखाद्यानं लॉजची द्यावी तशी. नागपूरचं एक आहे तिथं वरण पातळ पण गाद्या चांगल्या. वर्ध्याकडचं एक, तिथं पहाटे चारले उठवतात. माझा आयटम ऐकून त्यांचे डोळे भरून आले. म्हणे, भाऊ, आमच्यातले लोक बायको दिसू नये म्हणून पितात.

मले हे आवडलं नाही. ऑफिसवाल्यानं विचारलं, कधी येता? सांगतलं, संगीताले विचारून सांगतो.

२९ सप्टेंबर, सोमवार

मुकुटबनच्या पुढं एका महाराजाचा नशामुक्ती आश्रम. स्टार साडेचार. गेलो. महाराज माझ्याकडे पाहून म्हणे, तुझ्या पाठीमागं बाई आहे. मी म्हटलं, हाव, मिसेस आहे. म्हणे, भूत आहे, पाच शनिवार बांधावं लागेल.

माझं डोकंच फिरलं. संगीताले भूत म्हणायची याची हिंमत! बारावी पास बाई, बचत गटाची सचिव. मी त्याले जादूटोणाविरोधी कायद्याचं कलम तोंडपाठ ऐकवलं अन् निघून आलो. रस्त्यात संगीता खूप हसली. मग एकदम तोंड फिरवलं तिनं. शिबला गाव येईपर्यंत माझ्याकडे पाह्यलंही नाही.

शेरा: स्टाफ उद्धट. बाद.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

चांगल्या गोष्टीही लिहिल्या पाह्यजेत. खुशी फार समजदार झाली. पहिले किती बडबड होती तिची, आता कामापुरतं बोलते. शाळेतून आली की सरळ सेंटरवर येते, शटर पाडायच्या वेळेपर्यंत थांबते, माझा हात धरून मले रस्त्याच्या कडेनं घरी नेते. पोट्टी वयात येऊन राह्यली, बापाची काळजी वाटते.

जेवताना याडीनं विषय काढला. या दिवाळीले संगीताच्या नावानं धबुकार घालायचा. आमच्यात दिवाळीले घरातल्या गेलेल्या एकेकाचं नाव घेऊन चुलीतल्या निखाऱ्यावर लापशी अन् तूप सोडतात, त्याले धबुकार म्हणतात. मागच्या वर्षी मी घालू देला नव्हता. याडी म्हणे, बेटा, ती वर्षभर उपाशी आहे.

मी ताटावरून उठलो. काहून उपाशी? परवाच तिनं माझ्यासोबत चहा पेला. गेलेल्याचं नाव घेतात निखाऱ्यावर. येणाऱ्या-जाणाऱ्याचं घेतात काय?

६ ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळी ६

महत्त्वाचं काम झालं असतं, थोडक्यात राह्यलं. रेशनकार्डावर सगळ्या मेंबरची केवायसी पाह्यजे. माझी झाली, याडीची अन् खुशीची झाली, संगीताची बाकी. मी दीड महिन्यापासून टाळून राह्यलो होतो. आज ती आलती, दारात उभी राह्यली, आत यायले घाबरून राह्यली असं वाटलं. मी म्हटलं, ये ना वं, बस, अंगठा दे. तिनं हात पुढं केला. तीनदा ठेवला. तीनही वेळा मशीन म्हणे, मॅच होत नाही.

कापूस वेचून वेचून बायकांचे ठसे घासतात, हे मी रोजच पाहतो. पण हात लहान वाटला तिचा. अन् गार. मी दोन्ही हातांत धरून ठेवला, गरम होईपर्यंत. तिनं हात काढून घेतला नाही.

उद्या खोबरेल लावून ट्राय करू.

८ ऑक्टोबर, बुधवार

आश्चर्य. संगीतानं मत बदललं.

म्हणे, यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात मनाच्या आजाराच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, पहिले त्यांना दाखवा, मग केंद्रात जा. मी म्हटलं, अन् डास? म्हणे, मच्छरदाणी नेऊ. अन् म्हणे, खुशीले मामाकडे पाठवू नका. हे तिनं दोनदा सांगतलं.

मी शीटमध्ये नवीन कॉलम टाकला: मिसेसची संमती. त्यात पहिल्यांदा हो लिहिलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज जाणार होतो, पण साइटचा सर्व्हर डाउन अन् बाहेर वीस लोक पीकविम्यासाठी बसलेले. जबाबदारी सोडून कसं जाता येते? चूर्ण निम्मं केलं. निम्मं म्हणजे दोन वेळा निम्मं.

संध्याकाळी संगीता आली अन् रडली. निरा हुंदके देऊन. ती कधी रडत नव्हती. तापातही नाही. त्या तीन दिवसांत ती मलेच म्हणत होती, की घाबरू नका. मले सहन झालं नाही. सोमवारी जातो म्हणून वचन देलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार. यवतमाळ

वचन पाळलं. मी, खुशी, बाबूसिंग. बाबूसिंगचं तोंड रिकामं होतं. विचारलं तर म्हणे, त्या दिल्लीच्या मॅडमनं खर्रा सोडवला. रोज वीस मिनिटं बोलतात, पोट्टी चांगली आहे बिचारी, माझ्या सगळ्या घरादाराची चौकशी करते. तीन आठवड्यांत माझ्या शोधानं कोणाचं तरी व्यसन सुटलं म्हणायचं.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून डोळे पाह्यले, नाडी पाह्यली, डबी हुंगली. म्हणे, धोतरा आहे हा. विष आहे. एखाद्या दिवशी हृदय बंद पडेल, तुम्हाले कळणारही नाही. मले डाउट होताच धोतऱ्याचा. पण महादेवाले वाहतात तो, म्हटलं. त्या म्हणे, महादेवाले चालते.

मग विचारलं, मिसेस काय म्हणतात? मी छाती पुढं करून सांगतलं, की मॅडम, मी आज इथं आलो तो तिच्याच सांगण्यावरून. तिनंच तुमचं नाव सुचवलं. डॉक्टरीणबाईंनी खुशीकडे पाह्यलं. खुशीनं फरशीकडे.

बाहेर बाकावर आल्यावर खुशीनं सांगतलं.

म्हणे, पप्पा, ते मी होते. मागच्या सोमवारपासून. अंगठ्याच्या दिवशी मी शाळेतून आले तर तुम्ही मले मम्मी समजून आत बोलावलं. मी मम्मी नाही, असं म्हणायची मले भीती वाटली. तुम्ही मशीनवर माझा अंगठा ठेवला. मग हात धरून बसले. त्या दिवशी तुम्ही दोन भाकरी खाल्ल्या. म्हणून मग मी तसंच केलं. मम्मीसारखं बोलले. डॉक्टरीणबाईंचं नाव शाळेच्या मॅडमनं सांगतलं होतं. अन् शुक्रवारी रडले ती मीच.

बाबूसिंग तोंड फिरवून भिंतीकडे पाहून राह्यला. मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक पाण्याची बाटली आणतो म्हणालो.

२२ तारखेची भरतीची डेट देली. दिवाळी घरी करा, पण हे बंद, म्हणे. डबी ठेवून घेतली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

शांतपणे विचार केला. घाबरायचं कारण नाही. शीटमध्ये भेटींची लिस्ट बनवली. एकूण भेटी शंभराच्या वर. त्यातल्या खुशीच्या तीन. म्हणजे बाकी सगळ्या ओरिजिनल.

खुशीले विचारून कन्फर्म केलं. डासांचं तू बोललती काय? नाही, म्हणे. मुकुटबनहून येताना तू होती काय? नाही, मी शाळेत होते. पाह्यलं? मी तिले शाबासकी देली. ती न जेवता झोपली.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. मागच्या सोमवारी अन् बुधवारी मले वाटलं होतं, की किती दिवसांनी संगीता आपल्या माणसासारखी वागली. ओरिजिनल तर पंधरा दिवसांपासून माझ्याकडे पाहतच नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

सहा दिवस काही नाही. कोणी आलं नाही. टोकनवाली खुर्ची मी आत नेऊन ठेवली अन् परत बाहेर आणली.

याडी उद्याची तयारी करून राह्यली. गहू भरडला. संगीताचं नाव घेणारच, म्हणे.

दुसरी एक डबी होती. तुरीच्या कोठीमागं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं नव्हतं, म्हणून सांगतलं नव्हतं. उद्या फक्त एकदा घेतो. कारण साधं आहे. सगळं घर हजर असताना संगीता तिथं येऊन बसली, तर याडी तिचं नाव निखाऱ्यावर घेऊच शकत नाही. प्रश्न कायमचा मिटेल. मग २२ ले आरामात भरती होतो.

२६ ऑक्टोबर, रविवार. दवाखाना

आज पेन धरता येऊन राह्यला. सोमवारचं जेवढं आठवते तेवढं लिहितो.

दिवाळीची संध्याकाळ, उजेड होता अजून. चुलीसमोर याडी, मी अन् खुशी. याडीच्या हातात लापशीची वाटी. नावं मी घ्यायची, घरातला कर्ता म्हणून. संगीता आली. निळी साडी. मले एवढा आनंद झाला, की मी खुशीले कोपरानं ढोसलं. पण ती आमच्या रांगेत बसली नाही. आमच्या अन् चुलीच्या मधात, आमच्याकडे पाठ करून बसली.

मी नावं सुरू केली. आजोबाचं घेतलं. संगीताच्या बाजूले कोणीतरी म्हातारं पाठ करून बसलं. आजीचं घेतलं, आणखी एक पाठ. माझा बाप फुलसिंग, त्याचं नाव घेतलं, अन् तो बसला. त्याचा खांदा उसाच्या मोळीनं एका बाजूले उतरला होता, तो मी हजारात ओळखीन. सगळे एका रांगेत, निखाऱ्याकडे तोंड करून. अन् संगीता त्यांच्यातच होती. मधातच. तिच्यासाठी जागा ठेवलेली होती तिथं.

पुढचं नाव माझ्या तोंडातून निघेना. याडी म्हणे, घे बेटा. मी म्हटलं, तिले फिरू दे, तिले इकडे तोंड करू दे, मग घेतो. मी ओरडून राह्यलो होतो म्हणे. मग खुशीनंच घेतलं. संगीता नेमसिंग राठोड, पूर्ण. अन् लापशी सोडली. संगीतानं निखाऱ्याकडे हात पुढं केला. भुकेलं माणूस करते तसा, घाईनं. एवढंच मले दिसलं. मी तिले धरायले चुलीत हात घातला.

उजवा हात भाजला आहे. हे डाव्या हातानं लिहून राह्यलो. दोन दिवस बेशुद्ध होतो. छातीचं मशीन लावलं होतं. खुशीनं एकटीनं शेजाऱ्याचा ऑटो आणला, मामाले फोन केला, अन् डॉक्टरीणबाईंना काय घेतलं ते सांगतलं. तिले दुसऱ्या डबीचं माहीत होतं. घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं वाटते.

मले भीती वाटते. हे पहिल्यांदाच लिहितो.

३ नोव्हेंबर, सोमवार. केंद्र

भरती झालो. यवतमाळचंच. इतरच्या रकान्यात माझं नाव. विठ्ठलराव अजून इथंच आहेत, त्यांनी खिडकीजवळची गादी सोडून देली. डास आहेत.

आपण शब्द पाळला असं म्हणायले हरकत नाही. दिवाळीपर्यंत भरती ठरलं होतं, थोडा उशीर झाला, मेडिकल कारणानं. रविवारी बाबूसिंग येईल तेव्हा खुशीबद्दल रीतसर बोलून घेतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अठरा दिवस. कोणी येत नाही. पाच वाजता मी व्हरांड्यात बसतो. पाचाचे सहा होतात. स्क्रीन नाही तरी अक्षरं स्वच्छ दिसून राह्यली, चष्म्याचा नंबर वाढलाच नव्हता.

एक आयडिया आहे. चूर्णाची काहीच गरज नाही. विचार केला तर मागच्या महिन्यातल्या सगळ्यात चांगल्या तीन भेटी चूर्णाच्या नव्हत्याच. रविवारी विचारून पाहतो.

९ नोव्हेंबर, रविवार

बाबूसिंग अन् खुशी आले, दोन वाजता. खुशीच्या अंगावर पांढरकवड्याच्या शाळेचा युनिफॉर्म. रविवारी काहून घातला विचारलं, तर म्हणे, तुम्हाले दाखवायले. दाखला दिवाळीनंतर लगेच काढला, बाबूसिंगनं सांगतलं. मी रीतसर बोलायची तयारी केली होती, मुद्दे लिहून ठेवले होते. तो म्हणे, जवाई, पोट्टीनं तुमचा हात चुलीतून ओढून काढला. अजून काय बोलता? मी कागद खिशात ठेवला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

तो चहा आणायले गेला तेव्हा मी खुशीले सांगतलं. एकदाच, म्हटलं. दोन मिनिटं. मम्मीसारखं बोल. काहीही बोल, जेवले काय एवढंच विचार. चूर्ण नाही, काही नाही, डॉक्टरही काही म्हणू शकत नाहीत. तुले तर जमते ते.

खुशीनं माझ्या हातावरच्या पट्टीकडे पाह्यलं. रागावली नाही. म्हणे, पप्पा, जमत नाही आता. मी पण करून पाह्यलं, मामाकडे, बाथरूममध्ये. मम्मी कशी बोलत होती ते आठवायले जाते तर मीच ऐकू येते. तिचा आवाज होता माझ्याजवळ, तुमच्यासाठी काढला अन् तो गेला. तुम्हाले आठवते काय, तुम्ही बोलून दाखवा ना.

मी तोंड उघडलं. खूप प्रयत्न केला. चौदा वर्षांचा संसार. मलेही खुशीचाच आवाज ऐकू आला.

आम्ही दोघंही रडलो. बाबूसिंग चहा घेऊन आला, कप आमच्या मधात ठेवले. भेटीची वेळ पाचपर्यंत असते. त्यांना साडेतीनची गाडी होती, म्हणून ते तीनलेच निघाले.